शून्य पाहून घ्या

माझ्या बायकोनं पावणेदोन वर्षांत चौतीस किलो वजन उतरवलं. अठ्ठ्याण्णववरून चौसष्टवर आली. त्यातले शेवटचे चार महिने मी तिच्यावर असा जळलो की तसा आयुष्यात कोणावर जळलो नव्हतो. नवरा बायकोवर जळतो म्हटलं की लोक लगेच तिसरा माणूस शोधायला लागतात. तसलं काही नव्हतं. मी तिच्या उतरलेल्या वजनावर जळत होतो, तिच्या ढिल्या झालेल्या बांगड्यांवर जळत होतो, गच्चीवर जाऊन आली तरी तिला धाप लागत नाही यावर जळत होतो.

आधी माझं काम सांगायला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. पांढुर्ण्याच्या मंडीत मी तुलावटी आहे. म्हणजे शेतकऱ्याचा मका, तूर, गहू, जे काय आलं ते काट्यावर तोलून देणारा माणूस. माझे वडीलही तेच करत. त्यांच्या वेळी लटकते तराजू होते, आता इलेक्ट्रॉनिक काटे आले, पण एक रीत त्यांची तशीच चालू आहे. माल ठेवायच्या आधी रिकामा काटा शेतकऱ्याला दाखवायचा आणि म्हणायचं, "शून्य पाहून घ्या, भाऊ." त्यानं वाकून पाहिलं, मान हलवली, की मगच पोतं चढवायचं. हे वाक्य मी दिवसातून शंभरदा तरी म्हणत असेन. झोपेतही म्हणतो, असं बायको सांगते. एवढ्या वर्षांत मंडीत मी कोणाचा काटा मारला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. घरचं मात्र तसं सांगता येत नाही.

आम्ही दोघंही जाडे होतो. लग्नात नव्हतो, हळूहळू झालो, आणि बरोबरीनं झालो. मी एकशे चार, ती अठ्ठ्याण्णव. स्कूटरवर निघालो की गल्लीतला किराणावाला ओरडायचा, "चालले दोन क्विंटल!" मला राग यायचा नाही. खरं सांगतो, मला ते आवडायचं. दोघांचं मिळून एक माप होतं. लग्नकार्यात आम्ही शेजारी शेजारी बसायचो, वडा-भातावर तेलाची धार मोकळ्या हातानं घ्यायचो, आणि कोणी टोमणा मारलाच तर तो अर्धा अर्धा वाटून जायचा.

मग तिचे गुडघे धरले. नागपूरच्या डॉक्टरनं फोटो पाहिला आणि सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर दोन्ही गुडघे बदलावे लागतील. मला म्हणाला, "तुम्हीपण उतरवा. दोघं मिळून केलं की सोपं जातं." आमची मुलगी नागपूरलाच नोकरी करते. तिनं त्याच संध्याकाळी वजनकाटा घेऊन दिला. गोल तबकडीचा, सुईचा, वर उभं राहायचा. बायकोनं तो मांडीवर घेऊन पांढुर्ण्यापर्यंत आणला.

दोघांनी मिळून सुरू केलं. मी बारा दिवस टिकलो. तेराव्या दिवशी मंडीच्या फाटकावर तर्री-पोह्याचा वास आला आणि मी स्वतःला म्हटलं, मेहनतीच्या माणसाला हे चालतं. मेहनत पोतं उचलणारे करतात, मी नुसता आकडा वाचतो, हे मला माहीत होतं. पण पोहे खाऊन झाल्यावर आठवलं.

ती टिकली. पहाटे उठून जाम नदीच्या पुलापर्यंत चालायला जायची, शेजारच्या काकू सोबत असायच्या. सुरुवातीला पुलापर्यंत जाऊन कठड्याला टेकायची आणि तिथूनच परत. मग पूल ओलांडून सावरगावात जायला लागली, मग सावरगावाच्या पार पलीकडे संत्र्याच्या बगिच्यापर्यंत. दोन भाकरीची एक झाली. सकाळी मोड आलेले मूग, दुपारी भाकरी आणि पालेभाजीचं फोडणी दिलेलं पाणी, असं मी चिडवायचो. ते पाणी नव्हतं, चांगली अंबाडीची भाजी होती. साखर बंद. लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढायला आली की पानावर हात आडवा.

रविवारी सकाळी वजन. इथं एक गंमत होती. तबकडी पायाच्या बोटांपाशी, आणि मध्ये पोट. आपापला आकडा आपल्याला दिसायचाच नाही. म्हणून तिचा मी वाचायचो आणि माझा ती. मी जमिनीवर बसून, चष्मा नाकावर घेऊन, मंडीतल्यासारख्या सुरात ओरडायचो, "ब्याण्णव किलोsss पाचशे!" ती हसायची, हसली की सुई हलायची, आणि मी म्हणायचो, "माल हलवू नका, बाई." ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, एक्याऐंशी, सगळे आकडे तिला माझ्या तोंडून कळले. त्या दिवसांत मी जळत नव्हतो, उलट मला वाटायचं की हे माझंच चाललंय. मी वाचत होतो ना.

माझं वजन ती वाचायची, तेही हळूच. "एकशे पाच," म्हणायची आणि विषय बदलायची.

दुसऱ्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी मी आंघोळ करून आलो तर ती काट्यावर उभी होती. मान खाली, दोन्ही हात मोकळे. स्वतःशीच म्हणाली, "एक्काहत्तर." तिला तिचा आकडा दिसला होता. मध्ये काही उरलंच नव्हतं.

"माह्यासाठी थांबली नाही वो?" मी विचारलं.

"आता दिसते ना मले," ती म्हणाली. "तुमाले कायले खाली बसवू? उठतानी तुमालेच त्रास."

तिच्या मनात काही नव्हतं, पण मला ते लागलं, आणि लागलं ते निघेना. त्याच आठवड्यात कपड्याच्या दुकानात दुकानदारानं मला विचारलं, "भाऊ, मुलीसाठी साडी दाखवू का?" मुलगी नागपूरला होती. शेजारी बायको उभी होती. ती तोंडावर पदर घेऊन हसली. मंडीतले लोक म्हणायला लागले, "वहिनीनं तर कमाल करून टाकली, तुम्ही काय करून राहिले?" किराणावाला आता "दोन क्विंटल" ओरडत नव्हता. स्कूटरवर तिच्या आणि माझ्या मध्ये जागा राहत होती, आणि त्या जागेतून वारा जायचा.

मी काय काय केलं ते सांगतो. रोज संध्याकाळी गरम जिलेबी आणली. ती नखाएवढा तुकडा मोडून तोंडात टाकायची, "मस्त आहे," म्हणायची, आणि उरलेली पुडी माझ्याकडे सरकवायची. मी एकशे सातवर गेलो. पहाटेचा गजर मी बंद करून ठेवला, तर ती गजराशिवाय उठली. नातेवाइकांत मी सांगत सुटलो की अशानं चेहरा उतरतो, माणूस आजारी दिसतो. तिचा चेहरा उतरला नव्हता. तिच्या हनुवटीखाली लग्नाच्या वेळी दिसायचा तो तीळ पुन्हा दिसायला लागला होता, आणि तो पाहूनही मला आनंद झाला नाही, इतका मी खाली गेलो होतो.

मग एका रविवारी, ती चालायला गेलेली असताना, मी वजनकाटा उलटा केला. अशा काट्याच्या मागच्या बाजूला एक बारीक चाक असतं. शून्य लावायला. तुलावट्याला ते न सांगता कळतं. मी ते बोटानं किंचित फिरवलं. सुई शून्याच्या पुढे, अर्ध्या किलोवर जाऊन बसली. पुढच्या रविवारी आणखी अर्धा. ती दर आठवड्याला अर्धा-पाऊण किलो उतरत होती, आणि मी तेवढंच चाक फिरवत होतो. आकडा एक्काहत्तरला अडकला.

रिकाम्या काट्याकडे घरातलं माणूस पाहत नाही. शेतकरी पाहतो, कारण आम्ही त्याला पाहायला लावतो. घरातलं माणूस सरळ चढतं. हे मला माहीत होतं, आणि त्याच्याच भरवशावर मी ते केलं.

तीन रविवार गेले. ती म्हणाली, "ब्लाउज तर ढिले होऊन राहिले, मंग काटा काहून हलत नाही?"

"कापड धुऊन धुऊन ढिलं होते," मी म्हणालो.

"काटा बिघडला असन का?"

मी तुलावट्याच्या आवाजात म्हणालो, "काटा खोटं बोलत नाही." हे वाक्य तिनं माझ्या तोंडून आणि माझ्या वडिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की तिनं पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या कोणाची बायको असती तर तिनं आपल्या अंगावरच्या ढिल्या कपड्यावर विश्वास ठेवला असता. माझ्या बायकोनं काट्यावर ठेवला.

आणि मी? मी सुखात होतो. दर रविवारी तिचं तोंड एवढंसं व्हायचं आणि मला तिची माया यायची. मी चहा करून द्यायचो, फिक्का. "एवढं तर झालं ना," म्हणायचो. "आता पुरे. जीवाले कायले त्रास देतं." दुपारी तिच्या गुडघ्यांना तेल लावून द्यायचो. तिला घेऊन सौसरला बाजारात गेलो, देवळात गेलो. शेजारच्या काकू तर म्हणाल्या की असा नवरा मिळायला नशीब लागतं. मी मान खाली घालून ऐकलं.

तिनं संध्याकाळची भाकरी बंद केली. मला सांगितलं नाही. मग दुपारची अर्धी केली. ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी काकूंचा फोन आला, पुलावर या, हिला भोवळ आली. मी स्कूटर काढायचंही विसरलो, पळत सुटलो, आणि दुसऱ्या वळणावर माझाच श्वास संपला. एका ओळखीच्या माणसानं मला मोटारसायकलवर बसवून पुलावर सोडलं. ती कठड्याला टेकून बसली होती, ओठ पांढरे, आणि मला पाहून म्हणाली, "तुम्ही कायले धावले?"

डॉक्टरनं सलाईन लावलं. "खाणंच नाही पोटात," माझ्यावर डाफरला. "इतकं छान उतरलंय, आणखी उपाशी कशाला राहता?" ती पडल्या पडल्या म्हणाली, "डॉक्टरसाहेब, काटा अडकला होता." डॉक्टर म्हणाला, काटा अडकतोच कधी कधी, शरीर आहे ते. मी खिडकीकडे पाहत होतो. घरी गेल्याबरोबर चाक जागेवर आणायचं, हे मी तिथं बसून स्वतःशी अगदी पक्कं केलं.

घरी गेलो. ती दोन दिवस झोपून होती, मग राखी आली आणि ती आठ दिवसांसाठी रामाकोन्याला, भावाकडे गेली. काटा पलंगाखाली होता. मी रोज म्हणायचो, आज फिरवतो. घाई नव्हती, ती इथं नव्हतीच. मग मी तिला घ्यायला बसस्टँडवर गेलो. ती सौसरच्या बसमधून उतरली, नवी हिरवी साडी, भावानं घेतलेली, हातात पिशवी, आणि पायरीवरून उडी मारल्यासारखी खाली आली. पन्नाशीची बाई. कंडक्टरनं कौतुकानं पाहिलं. तिथं उभी असलेली तिची जुनी मैत्रीण म्हणाली, "बाप्पा, ओळखू नाही आली! अन् भाऊ तसेच आहेत!" तसेच आहेत. एवढंच पुरलं. मी चाक फिरवलं नाही. उलट त्या रविवारी आणखी थोडं पुढे ढकललं. पुलावरचे पांढरे ओठ पाहूनही मी हे केलं, हे लिहिताना मला लाज वाटते.

रामाकोन्याहून आल्यावर तिच्यात एक फरक पडला होता. भाकरी दोन्ही वेळा बरोबर खायला लागली. चालणं चालूच, पण काट्याची काळजी संपल्यासारखी. रविवारी काट्यापाशी जायची, क्षणभर थांबायची, मग चढायची, "एक्काहत्तर," म्हणायची आणि शांतपणे उतरायची. मला वाटलं, तिनं नाद सोडला. आणि मी तिच्याशी आणखीच गोड वागायला लागलो.

दसरा आला. आमच्या घरी दसऱ्याला वडिलांचा जुना पितळी तराजू पुजतात. सकाळी मंडीत मोठ्या काट्याची पूजा, मग घरी तराजू, विळी, शिलाई मशीन, स्कूटर. वडिलांचा एक नेम होता. पूजेच्या वेळी दोन्ही पारडी बरोबर पाहिजेत, काटा शून्यावर पाहिजे. वाकड्या काट्याला कुंकू लावायचं नाही. तसं केलं तर हात सडतो म्हणायचे. मी पूजेला बसलो, आणि बायकोनं पलंगाखालून वजनकाटा काढला, पुसला, आणि तराजूच्या शेजारी पाटावर ठेवला.

"यालेही लावू ना कुंकू," ती म्हणाली. "याच्यामुळे गुडघे वाचले माहे."

काट्यावर कोणी नव्हतं. सुई सातच्या जवळ होती. माझ्या बोटाला कुंकू लागलेलं, समोर वडिलांचा तराजू, आणि माझा हात पुढे जाईना. लबाडी केली ती केली, पण त्या सुईला कुंकू लावणं मला जमणारच नव्हतं.

"थांब," मी म्हणालो. "मागून घाण आहे. पुसून आणतो."

मागच्या अंगणात जाऊन मी काटा पोटाशी धरला आणि चाक उलटं फिरवलं. सुई शून्यावर आली. ती बरोबर रेषेवर येईपर्यंत मी तिथंच उभा होतो. आत आणून पाटावर ठेवला. तिनं एकदा काट्याकडे पाहिलं, मग कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं.

पूजा झाल्यावर फूल बाजूला करून ती काट्यावर चढली. मी मनात तयारी करून ठेवली होती. तिनं आकडा पाहिला. "चौसष्ट," म्हणाली आणि उतरली.

"चौसष्ट!" मी मोठ्यानं ओरडलो. "पाहा! एकदम सात किलो! सुटला न एकदाचा!"

ती ओरडली नाही. हसलीही नाही. पाटाशी बसून अक्षता गोळा करत होती.

"तुले नवल नाही वाटलं?" मी विचारलं.

"रामाकोन्याले भावाच्या घरी संत्रे तोलायचा काटा आहे," ती म्हणाली. "राखीच्या दिवशी सहज चढली होती त्याच्यावर. सदुसष्ट भरली. म्हटलं, भावाचा काटा खराब असन. त्यानं पहिले शून्य दाखवलं, मंग पुन्हा चढवलं. तरी सदुसष्ट. घरी आली अन् पहिल्याच रविवारी आपला काटा रिकामा पाह्यला."

म्हणजे राखीपासून दसऱ्यापर्यंत प्रत्येक रविवारी तिनं क्षणभर थांबून पाहिलं होतं, सुई कुठं आहे ते. आणि मग चढली होती.

"मंग बोलली काहून नाही?" मी विचारलं.

तिनं अक्षता ताटात टाकल्या. "काटा हलला नाही की तुम्ही दिवसभर माह्याशी चांगलं बोलत होते. चहा करून देत होते. सौसरले नेलं तुम्ही मले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, एवढ्यासाठी राहत असन अडकून, तर राहू दे."

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. बाहेर पोरं सोनं वाटत फिरत होती, कोणीतरी दारातून आपट्याची पानं देऊन गेलं, तिनं ती घेतली आणि देवापुढे ठेवली.

मग तिनं काटा पाटावरून उचलला आणि माझ्यासमोर फरशीवर ठेवला.

"आता तुम्ही," ती म्हणाली. मी उठून पाय ठेवणार तोच तिनं हात आडवा केला. "असं नाही. पहिले शून्य पाहून घ्या."

मी गुडघ्यावर बसलो, पोट आवरून वाकलो आणि पाहिलं. सुई शून्यावर होती. मान हलवली, जशी मंडीत शेतकरी हलवतो. उठायला तिनंच हात दिला. मी काट्यावर उभा राहिलो. खाली पाहिलं तर नेहमीसारखं पोटच दिसलं. ती माझ्या पायांशी बसली, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ तबकडीकडे पाहत राहिली.

"एकशे आठ," ती म्हणाली. या वेळी तिनं विषय बदलला नाही.

मला काही दिसत नव्हतं. ती म्हणाली ते मी खरं मानलं.